व्याह्यांच्या घरचं बीपी

पूर्णगडात हल्ली कोणाला "बरं आहे ना?" असं सहज विचारायची सोय राहिलेली नाही. पूर्वी या प्रश्नाला "हाय आपला, चाललंय" एवढं उत्तर पुरत असे आणि दोघंही आपापल्या वाटेला लागत. आता समोरचा माणूस थांबतो, हातातली पिशवी पाखाडीच्या पायरीवर ठेवतो, चष्मा वर सरकवतो आणि म्हणतो, "सकाळी १३४ होतं, दुपारी १२९. पण खालचा जरा चढा आहे." आपण खालचा म्हणजे खालच्या घरातला चुलतभाऊ समजतो आणि म्हणतो, "तो पहिल्यापासून तसाच." मग समोरचा चिडतो, "अहो, बीपीचा खालचा!" आणि चिडल्यामुळे त्याचा वरचाही चढतो.

एस्टीच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत, किल्ल्याच्या दरवाज्याबाहेरच्या मारुतीसमोर, जिथं दोन माणसं भेटतील तिथं आकडे निघतात. १२० बाय ८० असलेला माणूस चारचौघांत येऊन बसला की बाकीचे थोडं सरकून त्याला जागा देतात. १७० वाल्याला त्याहून जास्त मान. त्याच्याशी बांधावरून, पाण्यावरून, कशावरूनच कोणी वाद घालत नाही. न जाणो, बोलता बोलता तो आडवा व्हायचा आणि पंचनाम्यात आपलं नाव यायचं. कुचंबणा होते ती १३८, १४० वाल्यांची. ना कौतुक, ना भीती.

ही सगळी चाकरमान्यांची कृपा. गणपतीला मुंबईहून येताना मुलं एके काळी मिठाईचे पुडे आणत, मग कपबशांचे सेट आले, मग मिक्सर. २०२० च्या साथीत आईवडील गावाला आणि मुलं बोरिवली-डोंबिवलीत अडकली, तेव्हा कुरियरनं यंत्रं यायला लागली. बोटाला लावायचं ऑक्सिजनवालं नातवंडांनी फोडलं. थर्मामीटर गाद्यांच्या वळकटीत गेला तो गेलाच. टिकलं ते बीपीचं मशीन, कारण ते कपाटावर, गणपतीच्या फोटोशेजारी, लोकरीच्या विणलेल्या रुमालाखाली ठेवलं जातं. पुढे १ जानेवारी २०२१ पासून सरकारनं ही घरगुती मशीनं औषधांच्या कायद्याखाली आणली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ते मशीन हे एक औषधच. आमच्या शेजारच्या अण्णांनी हे कुठं तरी वाचलं आणि शब्दशः घेतलं. ते मशीन दिवसातून तीनदा घेतात, जेवणानंतर. रात्री झोप आली नाही तर एक जादा.

आमच्या घरात दोन मशीनं आहेत. एक बोरिवलीच्या मुलानं पाठवलेलं. ते आलं हे कळताच पुण्याच्या मुलीनं दुसरं पाठवलं, "दादानं पाठवलंय ते साधं असेल" म्हणून. मुलाचं मशीन मला १४८ दाखवतं, मुलीचं १३२. घरात शांतता असती तर हा फरक सहज खपून गेला असता. पण आमच्या हिनं पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, "तुमच्यासाठी दादाचं बरोबर आहे. माझ्यासाठी ताईचं."

या निकालाचा अर्थ जेवताना कळला. सांडगी मिरची, सुका बांगडा, पोह्याचा पापड आणि मीठ घालून टिकवलेलं कोकमाचं आगळ या चार गोष्टींवर आमच्याकडचं जेवण उभं आहे. माणसानं दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आमच्याकडे तेवढं मीठ मिरची तळतानाच ताटाबाहेर सांडतं. तर मुलाच्या मशीनवर माझी मिरची बंद झाली आणि मुलीच्या मशीनवर हिची चालू राहिली. मीही काही कमी नाही. नारळ सोलायचे असले, आगरात शिंपणं करायचं असलं, की मी स्वतः होऊन मुलाचं मशीन काढतो. १४८ वाल्या माणसाच्या हातात कोयता कोण देणार? पण पाहुणे जेवायला असले आणि पानात मिरची पडायची शक्यता असली, की मी ताईचं मशीन मागतो. अशा वेळी त्याचे सेल नेमके संपलेले असतात. सेल कोण काढून ठेवतं, यावर मी बोलणार नाही, कारण बोललं की आकडा वाढतो.

पण माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. पाकीट वीस ग्रॅमच्या वर अर्धा ग्रॅम भरलं म्हणून सख्ख्या मेहुण्याला खिडकीवरून परत पाठवून जादा तिकीट आणायला लावलेला माणूस मी. एकाच दंडात, एकाच दिवशी १६ चा फरक मला झेपेना. दोघांतलं एक खोटं बोलत होतं, आणि ते कोणतं हे शोधायचंच असं मी ठरवलं.

एवढ्यात गावखडीची बातमी आली.

पूर्णगड आणि गावखडी यांच्यामध्ये मुचकुंदीची खाडी आणि तिच्यावरचा पूल. अण्णांची मुलगी गावखडीला दिलेली. तिथं सत्यनारायणाला गेले असताना व्याह्यांनी आग्रह करून अण्णांच्या दंडाला आपल्या घरचं मशीन लावलं आणि आकडा आला १२६. घरी रोज १४६ येणारा माणूस! अण्णा दोन घास जास्त जेवले, परत आले आणि पुलाच्या अलीकडे उतरल्या उतरल्या भेटेल त्याला सांगत सुटले. दोन दिवसांत अर्धी वाडी काही ना काही निमित्तानं गावखडीला जाऊन बीपी मोजून आली. प्रत्येकाचं कमी आलं.

मग कारणं निघाली. कोणी म्हणालं, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाचा वारा. कोणी म्हणालं, पाणी. कोणी तर म्हणालं, पुलावरून जाताना खाडीच्या तोंडाचा मोकळा समुद्र दिसतो, त्यानं छाती हलकी होते. आमच्या तांडेलाचं मत सगळ्यांना पटलं. "त्यांच्याकडं किल्ला नाय. आपण किल्ल्याची माणसां. आपला रगत उसळतोच." पूर्णगडचा किल्ला तसा आटोपशीर, विडी पेटवून आत शिरलेला माणूस ती संपायच्या आत तटावरून फिरून बाहेर येतो. पण रक्तदाबाच्या कामाला तो पहिल्यांदाच आला.

मुंबईत माझा एक पुतण्या इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, डॉक्टर कानाला नळी लावून ठोके ऐकतात. तुमचं मशीन काही ऐकत नाही. ते पट्ट्यात हवा भरतं आणि सोडताना रक्ताचे धक्के मोजतं. सगळ्यांत मोठा धक्का कुठं लागला ते बघतं आणि त्यावरून वरचा नि खालचा आकडा हिशेबानं काढतं. हिशेब ज्याच्या त्याच्या कंपनीचा, गुप्त."

मी हे पडवीत जाहीर केलं. "म्हणजे अंदाजपंचे!" अण्णा म्हणाले. तेच अण्णा कालपर्यंत १२६ च्या आनंदात होते.

"अंदाज नाही," पुतण्या फोनवरून ओरडला. "त्याची परीक्षा असते. २०१८ पासून अमेरिका, युरोप सगळ्यांनी मिळून एक नियम केलाय. कमीत कमी ८५ माणसं घ्यायची. दोन शिकलेली माणसं एकाच वेळी नळीनं ऐकतात, एकमेकांचा आकडा न बघता. त्यांचा आकडा आणि मशीनचा आकडा, सरासरी फरक ५ च्या आत पाहिजे, आणि तो माणसागणिक फार पांगलेलाही चालत नाही, त्याला ८ ची मर्यादा. पास झालेल्या मॉडेलांच्या याद्या निघतात. स्ट्राइड बीपी नावाची एक आहे. पेटीवर कंपनीनं काय छापलंय ते सोडा, मशीनच्या पाठीवरचा मॉडेल नंबर मला सांगा."

मुलीच्या मशीनचा नंबर यादीत निघाला. हिनं माझ्याकडे असं पाहिलं की नारळ सोलायला उठावंसं वाटलं. मुलाच्या मशीनच्या पाठीवर आगळ सांडलेलं होतं आणि ते पुसताना नंबरही गेला होता.

म्हणजे परीक्षा आपणच घ्यायची. दिवस मासेमारी बंदीचे, जून-जुलैचे, त्यामुळे तांडेलासकट सगळे घरीच. एका रविवारी आमच्या पडवीत गावातली मिळतील तेवढी मशीनं मागवली. ८५ माणसं जमणं शक्य नव्हतं, आमच्या वाडीत एवढी माणसं फक्त कोणाच्या तरी जमिनीची मोजणी असली की जमतात. आणि 'एकमेकांचा आकडा न बघता' ही अट पूर्णगडात पाळायची म्हणजे आधी गावाभोवती तट बांधायला हवा, आणि तोही प्रत्येकाच्या घराला वेगळा. तरी मी वही आखली, शिंप्याकडून टेप आणली आणि पुतण्यानं सांगितलेले नियम मोठ्यानं वाचले. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही. हात छातीच्या उंचीला टेकलेला. उघड्या दंडावर पट्टा. मोजताना बोलायचं नाही.

"एवढं सगळं करायचं तर मग बीपी कशाला वाढेल?" कोणी तरी म्हणालं. हे मी नोंदवून ठेवलं, पण उत्तर मिळालं नाही.

पहिला मान तांडेलाला. टेप लावली तर दंड ३७ सेंटिमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरांत छापलेलं, २२ ते ३२. ती अक्षरं आजवर गावात कोणी वाचलेली नव्हती. ती धुवायची सूचना असेल असा सगळ्यांचा समज. आम्ही दोघांनी ओढून पट्टा कसाबसा बांधला. मशीननं हवा भरायला घेतली, गुरगुरलं, आणि चर्र करून पट्टा सुटून हिच्या तुळशीपर्यंत गेला. "भियाला मला," तांडेल समाधानानं म्हणाला. दुसऱ्या वेळी मी पट्टा हातानं दाबून धरला, तेव्हा १७२ आलं. पुतण्यानं फोनवर कपाळाला हात लावल्याचं ऐकू आलं. तो म्हणाला, बाल्टिमोरला १९५ माणसांवर हेच करून पाहिलं होतं, त्याचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. लागतो त्याहून दोन मापं लहान पट्टा बांधला, तर वरचा आकडा जवळजवळ २० नं फुगतो. उलट बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा थोडा, ४ च्या आसपास, उतरतो. तांडेल म्हणाला, "मग माजा बीपी नाय वाढला. माजा दंड वाढला." आणि आनंदानं घरी जायला निघाला. त्याला परत बसवायला बराच वेळ गेला.

मग अण्णा. ते नेहमीप्रमाणे झोपाळ्यावर बसले. झोपाळ्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि अण्णांचे टेकले तरी ते झोका घेण्यापुरतेच. मी पट्टा बांधला, बटण दाबलं.

"अण्णा, आता बोलू नका."

"मी कुठं बोलतोय? मी फक्त एवढंच सांगतोय की सातबाऱ्यावर माझं नाव आधी होतं, आणि बांध भावानं सरकवलाय, दीड हात..."

१६८.

"बघा!" अण्णा म्हणाले, "त्या दीड हाताचं बीपी आहे हे. हा कागद कोर्टात चालेल का?"

आमच्या आत्या पाखाडी चढून धापा टाकत आल्या त्या थेट खुर्चीत बसल्या. पोलक्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधा म्हणाल्या. १५९ आलं. थोड्या वेळानं परत मोजलं, १५७. चेहरा अवघडलेला दिसला म्हणून हिनं विचारलं, तर म्हणाल्या, "मघापासून मागं जायचंय. पण म्हटलं एवढं मोजून होऊ दे." तुंबलेल्या पोटानं बसलं की त्यानंही आकडा दहा-पंधरानं चढतो, हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा पडवीतून तीन पुरुष एकदम उठून आगराकडे गेले.

अर्धा तास चहा नाही, हा नियम हिनंच मोडला. पडवीत एवढी माणसं बसलीत आणि आपण चहा टाकला नाही, ही गोष्ट तिच्या रक्तदाबाला सोसणारी नव्हती. आणि पाच मिनिटं गप्प बसणं? देवापुढं गाऱ्हाणं चालू असताना देखील आपली माणसं अधूनमधून "होय महाराजा" म्हणतात. तिथं मशीनसाठी कोण गप्प बसणार! एकाच्या दंडाला पट्टा, आणि बाकीचे त्याला सांगतायत की अजिबात घाबरू नकोस, आमच्या मामांचं असंच एकाएकी गेलं.

दुपारी सुकट घेऊन मावशी आली. तिनं टोपली उतरवली, सगळी मशीनं ओळीनं मांडलेली बघितली आणि काय चाललंय ते विचारून घेतलं. मग आपला वजनकाटा पुढं ठेवून म्हणाली, "माज्या काट्याला दर साली सरकारी शिक्का मारून घेतंय मी. शिक्का नाय तर दंड. तुमच्या मशीनाला शिक्का कुठाय?"

त्या प्रश्नावर पडवीत जी शांतता पसरली, तीत खरं तर सगळ्यांचं बीपी मोजून घ्यायला हवं होतं. मी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, वैधमापनाच्या २०१३ च्या नियमांत सरकारमान्य केंद्रांनी तपासायच्या वस्तूंची यादी आहे. तीत पाण्याचा मीटर आहे, तापाचा थर्मामीटर आहे आणि रक्तदाबमापकही आहे. मावशीनं हे ऐकून मान हलवली आणि पाव किलो सुकट तोलली. हिनं ती माझ्यादेखत डब्यात भरली, ताईच्या मशीनच्या जिवावर.

अखेर आम्ही रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेलो. मी, अण्णा, आत्या, आणि पिशवीत तीन मशीनं. गावखडीचं तिसरं. ते व्याह्यांनी "जपून हो" असं तीनदा बजावून दिलं होतं. त्यामुळे पावसच्या वळणांवर अण्णांनी ते मांडीवर घट्ट धरून ठेवलं आणि तिकिटासाठी हात वर करायलाही सोडलं नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर पाऱ्याचं जुनं यंत्र होतं. पारा विषारी म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानं अशा यंत्रांना निरोप द्यायचं ठरवलं. पण निरोप देणं वेगळं आणि टेबलावरून उचलणं वेगळं. डॉक्टर हौशी निघाले. म्हणाले, इंग्लंडातल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्यानं घोडीच्या पायातल्या रक्तवाहिनीत नळी खुपसून वर उंच काचेची नळी जोडली आणि रक्त आठ फुटांच्या वर चढलेलं पाहिलं. १७३३ साली त्यानं ते पुस्तकात छापलं. "घोडी बोलत नव्हती ना मोजताना?" मी विचारलं. अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. मग १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी दौत, तांब्याची नळी, सायकलची ट्यूब आणि पारा एवढ्यावर दंडाचं यंत्र बनवलं. त्यांचा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता, त्यामुळे आकडे चढे येत. १९०१ मध्ये एका जर्मन डॉक्टरनं तो रुंद केला. म्हणजे पट्ट्याचं लचांड पहिल्या दिवसापासूनचं. १९०५ मध्ये रशियात कोरोत्कॉफ यांनी नळीनं ठोके ऐकायची रीत सांगितली. टिपण अगदी छोटं. आमच्या तलाठ्याकडचा साधा अर्ज त्याहून लांब असतो.

हे ऐकता ऐकता पाच मिनिटं कधी गेली कळलं नाही, आणि तोच त्यांचा डाव होता. त्यांनी माझा हात टेबलावर ठेवला आणि एकाच दंडावर आळीपाळीनं मोजायला घेतलं, एकदा त्यांचं, एकदा माझं, मध्ये मिनिटभर थांबून. पहिला आकडा १५८ आला. ते म्हणाले, "हा माझा. दवाखान्यात शिरलं की काहींचा चढतो, पांढऱ्या कोटाचा म्हणतात." त्यांनी कोट घातलेला नव्हता. मी भिंतीवरच्या फीच्या पाटीकडे पाहत होतो. पुढचे आकडे हळूहळू उतरले. शेवटी वहीत हिशेब झाला. मुलीच्या मशीनचा फरक ३, मुलाच्या मशीनचा ५, गावखडीच्या मशीनचा ४.

"तिन्ही वापरण्याजोगी आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग १६ चा फरक?"

"मुलाचं मशीन घरात कुठं असतं?"

पडवीत, झोपाळ्याजवळ. मी आगरातून आलो की घाम पुसता पुसता हात मांडीवर लोंबता ठेवून लावतो. हात छातीच्या दहा सेंटिमीटर खाली राहिला तर नुसत्या तेवढ्यानं आकडा ८ नं वाढतो, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मुलीचं मशीन आतल्या टेबलावर असतं, दुपारच्या झोपेनंतर, ही समोर उभी. बोलायची सोय नाही.

मग ते अण्णांकडे वळले. अण्णांचा दंड बारीक आणि गावखडीच्या मशीनचा पट्टा मोठ्या मापाचा, व्याह्यांच्या पैलवान मुलासाठी घेतलेला. त्यात तीन-चार गेले. पण वीस?

"गावखडीला गेलात की कसे बसता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसे म्हणजे? व्याह्यांचं घर ते. खुर्चीत ताठ बसतो, पाठ टेकून. पाय खाली. पायावर पाय टाकला तर काय म्हणतील? हात टेबलावर. आणि बोलत नाही. काय बोलायचं? बोलण्यात काही गेलं तर पोरीला ऐकावं लागायचं."

"चहा?"

"पहिल्यांदा विचारतात तेव्हा नको म्हणतो. दुसऱ्यांदा आग्रह होईस्तोवर अर्धा तास जातो."

डॉक्टर बराच वेळ हसत होते. सुरूचा वारा, खाडीचं पाणी आणि किल्ल्याचं रक्त, तिन्ही कारणं एकदम निकालात निघाली. त्या दिवसापासून ते पेशंटांना नियम सांगत बसत नाहीत. पट्टा हातात देतात आणि म्हणतात, "व्याह्यांकडे बसल्यासारखे बसा." रत्नागिरी तालुक्यात याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. एकदाच ही युक्ती फसली असं ऐकलं. त्या गृहस्थांचा व्याह्यांशी दावा चालू होता. १८२ आलं.

जाता जाता त्यांनी आम्हाला वह्या घालून घ्यायला सांगितल्या. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, आणि पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५ बाय ८५ च्या वर गेलं की जास्त समजायचं, दवाखान्यात १४० बाय ९० ची रेघ. गोळ्यांचा निर्णय अशा वहीवर घ्यायचा, रविवारच्या पडवीवर नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात तर २०१७ च्या राष्ट्रीय मोहिमेत राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत नंबर लागून रक्तदाबाची मोजणी आणि औषधं सुरू झाली, असंही म्हणाले. हे मात्र अण्णांना लागलं. "१९८१ पर्यंत आमच्यातच होते," ते जिना उतरताना म्हणाले. "वेगळे झाले आणि पुढं गेले. भाऊबंद सगळे सारखेच."

सात दिवसांनी परत गेलो. माझी वही डॉक्टरांनी पाहिली, काही न बोलता बाजूला ठेवली आणि मिरची आठवड्यातून एकदा चालेल म्हणाले. ही ते ऐकायला हजर नव्हती, त्यामुळे त्याला घरी काही किंमत आली नाही.

आत्यांच्या वहीत पहिल्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत एकच आकडा होता. १२० बाय ८०. एकाच पेनानं, एकाच बैठकीत, खाली रेघ मारून.

"आत्या, रोज सकाळ-संध्याकाळ हेच?"

"तुम्हीच म्हणालात ना, एवढं असावं म्हणून."

डॉक्टरांनी त्यांच्या मशीनचं मेमरीचं बटण दाबलं. एकामागून एक आकडे यायला लागले. १५४, १४९, १५७. आत्यांनी ते शांतपणे पाहिले.

"ते मशीनचं झालं," त्या म्हणाल्या. "वही माझी आहे."

अण्णांची वही मात्र डॉक्टरांनी दोन्ही हातांत धरून वाचली. आकडे खरे होते, मेमरीशी जुळत होते. फक्त पुढं अण्णांनी स्वतःच एक रकाना आखला होता, कारणाचा. १५२, भाऊ भेटला. १४८, भाऊ लांबून दिसला. १५६, भाऊ बांधावर उभा. १४४, भावाचा फोन, उचलला नाही. मग पाचव्या दिवशी दुपारच्या एस्टीनं भाऊ मुंबईला गेला, आणि तिथून शेवटपर्यंत १२८, १२६, १२७.

डॉक्टरांनी वही मिटली. गोळी तीच ठेवली.

"भाऊ परत कधी येणार?"

"गणपतीला."

"मग गणपती झाल्यावर या."